रस्त्यावरची गाडी नि घरची वीज
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे बाहेरून कोणी तरी विदुषी बाई येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. ह्या वर्षी कार्यकारिणीने ठरविले की, बाहेरच्या पाहुण्या पुढच्या वर्षी बोलवू, ह्या वेळी आपल्यातल्याच दोघींनी आपापल्या रोजच्या प्रश्नावर चार शब्द बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण तोंडी हिशेब मला पहिल्यापासून चांगला येतो, आणि आजचा माझा विषय निम्मा हिशेबाचा नि निम्मा शेजारपाजारचा आहे, म्हणून मी होय म्हटले.

विषय असा की, ज्यांच्याजवळ गाडी उभी करावयास स्वतःची हक्काची जागा नाही, त्यांनी विजेवरची गाडी घरच्या विजेवर चार्ज कशी करावी? बंगल्यात राहणारांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांची मोटार रात्री पोर्चमध्ये उभी राहते, भिंतीवर प्लग असतो, रात्री लावला की सकाळी गाडी तयार. ह्या गाड्यांच्या जाहिरातींत नेहमी असलेच घर दाखवितात. पुण्याच्या पेठेतला बोळ काही मी अजून त्या जाहिरातींत पाहिलेला नाही. आपल्याकडे वाडे आहेत, वाडे पाडून बांधलेल्या जुन्या इमारती आहेत, त्यांना पार्किंग नाही. असले तर आठ बिऱ्हाडांत तीन स्कूटरींचे. बाकीच्या गाड्या रस्त्यावर. आणि वीज मात्र वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात. गाडी नि वीज ह्यांची गाठ पडावी कशी, हाच सगळा घोळ आहे.

आधी हिशेब सांगते, कारण तो कळला की निम्मी भीती जाते. एक हजार वॉटची इस्त्री एक तास अखंड चालली की एक युनिट वीज जळते. विजेच्या स्कूटरीची बॅटरी साधारण दोन ते चार युनिटांची असते. तीन युनिटांची धरली तर ती भरावयास, वाटेत थोडी वाया जाते ती धरून, सव्वातीन-साडेतीन युनिटे लागतात आणि त्यात गाडी ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. म्हणजे स्कूटरीचे चार्जिंग हे इस्त्रीएवढेच काम आहे, फक्त तीन-चार तासांचे. मोटारीचे तसे नाही. लहान मोटारीची बॅटरी वीस-पंचवीस युनिटांची, मोठीची चाळीसच्या पुढे. आपल्याकडे गीझरला असतो त्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटे जेमतेम जातात. तेव्हा चोवीस युनिटांची रिकामी बॅटरी भरावयास आठ-नऊ तास हवेत; सबंध रात्रच म्हणा.

पण इथेच पुष्कळांची फसगत होते. रोज रात्री बॅटरी पूर्ण भरली पाहिजे असे त्यांना वाटते. पेट्रोलची टाकी कोणी रोज भरतो का? आपली मंडळी पेठेतून कोथरूडला किंवा हडपसरला जातात नि येतात, दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. एका युनिटात मोटार सहा ते आठ किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज चार युनिटांची, सव्वा-दीड तासाची. आठवड्याचे एकदम भरावयाचे म्हटले तर एक रात्र पुरते. हे मनात धरले तर "माझ्या दारात रोज रात्री जागा नि प्लग हवाच" हा हट्ट सुटतो, नि प्रश्न आठवड्यातून एक-दोन रात्रींचा राहतो. स्कूटरीला तर एक दिवसाआड चालते.

आता "घरची वीज गाडीला वापरली तर बोर्डाची माणसे दंड करतील" असे जे बोलले जाते त्याविषयी. केंद्र सरकारच्या वीज खात्याने जानेवारी २०२२ मध्ये जे मार्गदर्शक नियम काढले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, मालकाने आपली गाडी आपल्या राहत्या घरी असलेल्याच जोडणीवर चार्ज करावयास हरकत नाही. तेव्हा ती चोरी नव्हे. मात्र आपल्या जोडणीचा मंजूर भार किती आहे, हे बिलावर छापलेले असते ते पाहावे. जुन्या बिऱ्हाडांतून तो एक-दोन किलोवॉटचाच असतो. त्यावर मोटार लावली नि घरात गीझर सुरू झाला की खटका पडलाच म्हणून समजा. भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करता येतो, गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. तिसरी गोष्ट, घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत चढा, त्यापुढे आणखी चढा, अशा पायऱ्या आहेत. गाडीची युनिटे ही नेहमी वरच्या पायरीवर जाऊन बसतात. तेव्हा घरचा सरासरी दर धरून केलेला हिशेब खोटा ठरतो. वरच्या पायरीचा दर धरावा. तरीही पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच पडते. पुण्यात २०२१ सालापासून पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेले, ते काही फारसे खाली उतरलेले नाही.

आता वायरीची गोष्ट. मला विचाराल तर ह्या सबंध विषयाचे मर्म त्या वायरीत आहे.

मिक्सरला, मोबाईलला लावतो तो लांब वायरीचा बोर्ड घेऊन लोक गॅलरीतून खाली सोडतात. मिक्सर चालतो दोन मिनिटे. गीझर चालतो पंधरा मिनिटे. गाडी चालते तासनतास. बारीक वायरीतून इतका वेळ जोराचा प्रवाह गेला की ती तापते, आणि उरलेली वायर जर वेटोळे करून ठेवली असेल तर ती उष्णता बाहेर जावयास वाव नसतो, आतले रबर वितळते. गाडी लावून अर्ध्या तासाने प्लगाला बाहेरून बोट लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर बटण बंद करून वायरमनला बोलवावे. दुसरे, अर्थिंग. जुन्या वाड्यांतून प्लगाला तीन भोके असतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. पुष्कळ गाड्यांचे चार्जर अर्थिंग नसेल तर चालतच नाहीत, तांबडा दिवा दाखवून बसतात. मग लोक कंपनीला नावे ठेवतात! खरे तर तो चार्जर आपल्या घराचे दुखणे आपल्याला दाखवीत असतो. आपण त्याच घरात ओल्या हाताने वॉशिंग मशीन लावतो. तेव्हा गाडी घ्या अगर न घेऊ नका, अर्थिंग तपासून घ्या, आणि मीटरपाशी ते शॉक बसला की आपोआप पडणारे बटण बसवून घ्या.

एवढे झाले यंत्राचे. आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे आहेत. पहिल्या मजल्यावर एक वहिनी राहतात, त्या पोळीभाजीचे डबे देतात. मंडळातल्या पुष्कळजणी त्यांना ओळखतात, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी कर्ज काढून विजेची स्कूटर घेतली. दिवसाला दोन्ही वेळचे मिळून पस्तीस किलोमीटर होतात. पेट्रोलच्या स्कूटरीला रोज पाऊण लिटरच्या वर लागे, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजारांच्या पुढे खर्च. विजेवर त्यांना महिन्याला तेहतीस-चौतीस युनिटे लागतात. बारा रुपये दर धरला तरी चारशेच्या आसपास. महिन्याकाठी सोळा-सतराशे रुपये मागे राहतात, नि त्यांतून त्या मुलाच्या क्लासची फी भरतात. डब्याच्या धंद्यात पदरात पडते तरी किती! तेव्हा ही बचत म्हणजे त्यांचा नफाच म्हणावयाचा.

चार्जिंगला वहिनी गॅलरीतून वायर खाली सोडीत. ती चौकात उतरे आणि नळाकडे जाण्याच्या वाटेवरून आडवी स्कूटरीपर्यंत जाई. गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंचा, त्यांना पंचाहत्तरावे लागले आहे, त्या वायरीत पाय अडकला. खांब हाती लागला म्हणून त्या पडल्या नाहीत, मनगट तेवढे मुरगळले. पण फरशी ओली, वायर ओली, अंधार. दुसऱ्या दिवशी वाड्यात जी बोलाचाली झाली ती इथे सांगण्यासारखी नाही. संध्याकाळी मालकांनी दिंडी दरवाजाशी चिठ्ठी लावली की, वाड्यात कोणीही गाडी चार्जिंगला लावू नये.

भगिनींनो, त्या चिठ्ठीचा अर्थ काय झाला? काकूंचे म्हणणे खरे होते. ह्या वयात पाय मोडला तर माणूस उठत नाही. आणि चिठ्ठीने वहिनींचा धंदा मोडत होता हेही खरे. दोघीही आपल्याच मंडळाच्या सभासद, हळदीकुंकवाला शेजारी शेजारी बसणाऱ्या. मला त्या दिवसांत एक गोष्ट फार जाणवली. पुरुष मंडळी म्हणाली, "जागा नाही तर गाडी घ्यावीच कशाला?" बोलणे सोपे आहे. जपानात १९६२ सालापासून असा कायदाच आहे की, मोटार ठेवावयास जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटार घेता येत नाही. २०२५ साली आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही तसे बोलून दाखविले. मोटारीच्या बाबतीत ते मला पटतेही. रस्ता हे काही कोणाचे अंगण नव्हे. पण हे म्हणणाऱ्या सगळ्यांच्या पेट्रोलच्या गाड्या त्याच चौकात नि त्याच बोळात वर्षानुवर्षे उभ्या होत्या. त्यांना जागेचा दाखला कोणी मागितला नव्हता. अडचण गाडीची नव्हती, आडव्या वायरीची होती.

तीन बैठका झाल्या. पहिलीत नुसते भांडण. दुसरीत मालकांच्या मनातले खरे कारण बाहेर आले. त्यांना आगीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की, भाडेकरूला चौकात प्लग बसवू दिला तर उद्या तो म्हणेल चौकाचा तेवढा तुकडा माझा. जुन्या वाड्यांच्या मालकांना कोर्टकचेरीचा जो अनुभव आहे तो पाहता ही भीती अगदीच खुळी नव्हे. मग आम्हीच सुचविले की, कागद करू: हा प्लग सर्वांच्या सोयीचा आहे, त्याने कोणाला जागेवर कसलाही हक्क येत नाही, आणि मालकांनी एक महिन्याची सूचना दिली की तो काढून घेऊ. नऊ बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या. सह्या झाल्यावर मालक एकदम मऊ झाले. त्यांच्या सूनबाईंनाही स्कूटर घ्यावयाची होती, हे आम्हाला मागाहून कळले!

प्लग कोठे बसवावयाचा ह्यावर तिसरी बैठक. कोणी म्हणाले जिन्याखाली, तिथे पाऊस लागत नाही. मी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्याचे कारण इथे सांगणे जरूर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका इमारतीच्या तळघरात विजेच्या स्कूटरींचे दुकान होते, त्याला आग लागली. धूर जिन्यावाटे वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ माणसे दगावली. त्याच महिन्यात आपल्या वसईला घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरीच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचे मूल भाजले नि पुढे गेले. असे प्रसंग थोडे आहेत. चालू गाड्यांची संख्या पाहता फारच थोडे. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, ते १ डिसेंबर २०२२ पासून एक टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा, असे लागू झाले. म्हणून जुनी गाडी वापरलेली घेत असाल तर ती केव्हाची आहे हे पहिल्याने विचारा. पण नियम कितीही कडक असोत, ज्या जिन्यावरून आपली मुलेबाळे नि म्हातारी माणसे खाली यावयाची, त्या जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग नाही म्हणजे नाही. लाकडी जिना असेल तर बोलावयासच नको.

शेवटी दिंडी दरवाजाच्या डाव्या अंगाच्या उघड्या भिंतीवर, पागोळ्या पडत नाहीत अशा ठिकाणी, छातीइतक्या उंचीवर कुलपाची लोखंडी पेटी बसविली. आत पंधरा अँपिअरचा एक प्लग, खटक्याची दोन बटणे आणि एक छोटा सबमीटर. वीज वाड्याच्या सामाईक मीटरवरून, जिन्याचा दिवा नि पाण्याचा पंप ज्यावर चालतो त्यावरून. त्याचा भार वाढवून घेतला. वायर भिंतीने पाइपातून. गाडी भिंतीला लागून उभी राहते, चार्जरची वायर जेमतेम दोन हात, कोणाच्याही पायात येत नाही. ज्याने लावली त्याने सबमीटरचा आकडा आधीचा नि नंतरचा वहीत लिहावयाचा, महिन्याच्या शेवटी बिलाच्या वरच्या पायरीच्या दराने पैसे द्यावयाचे. पहिल्या महिन्यात दोन युनिटांचा फरक पडला, त्यावरून थोडी कुरबूर झाली. आता पडत नाही.

काकूंची एक अट होती, तीही मान्य झाली. रात्री दहानंतर चार्जिंग नाही. आधी वाटले ही जाचक अट आहे, पण तिच्यातूनच चांगली रीत निघाली. वहिनींची गाडी दुपारी एक वाजता डबे देऊन येते. अर्धा-पाऊण तास ती निवू द्यावयाची, कारण गरम बॅटरी लगेच लावू नये, आणि मग दोन ते पाच लावावयाची. त्या वेळी चौकात आम्ही बायका निवडणे-टिपणे करीत असतोच. डोळ्यांसमोर राहते. कॉलेजातल्या मुलांच्या दोन गाड्या संध्याकाळी. एक प्लग तीन गाड्यांना पुरतो.

पण इथे मला एक चिमटा काढावयाचा आहे. दुपारची चार्जिंगची वेळ आली की चावी आपसूक घरातल्या बाईकडे येते. "जरा दोनला लावशील? पाचला काढशील? आकडा लिहिशील?" गाडी मुलाची, तिच्यावरून भटकावयाचे मुलाने, आणि तिला खाऊ घालावयाचे आईने! गॅसचा सिलिंडर, पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, त्यांत ही आणखी एक भर. मी आमच्या घरी सांगून टाकले आहे, वहीत नाव ज्याचे त्याने आकडा लिहावयाचा. ज्या बायका स्वतः गाडी चालवितात त्यांची गोष्ट निराळी, त्या सगळे हौसेने करतात. तेव्हा आपणही चालवावयास शिकावे हे बरे.

ज्यांना असा चौक नाही, भिंतही नाही, त्यांनी बॅटरी काढून वर नेता येते अशी स्कूटर पाहावी. अशा गाड्या मिळतात. बॅटरी दळणाच्या डब्याइतकी जड असते, हे मात्र जिने चढणाऱ्यांनी दुकानातच उचलून पाहावे. वर आणल्यावर ती पलंगाजवळ, गॅसच्या शेगडीजवळ, दाराच्या तोंडाशी लावू नये, आणि सगळे झोपले असता तर नाहीच. चार्जर गाडीबरोबर आला तोच वापरावा. बाजारात मिळतो तो स्वस्त चार्जर महागात पडतो.

राहिली मोटार. आमच्या बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या एका गृहस्थांनी विजेची मोटार घेतली. ती रस्त्यावर उभी राहते. आपल्या रस्त्याला पी-१, पी-२ आहे. विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. म्हणजे एक दिवसाआड मोटार त्यांच्या घराच्या समोरच्या अंगाला. वायर न्यावयाची तर रस्ता ओलांडून! (एकतीस तारखेनंतर एक तारीख येते तेव्हा दोन दिवस एकाच बाजूला मिळतात, एवढाच काय तो दिलासा.) आपल्या बाजूला असली तरी मध्ये पदपथ आहे, त्यावरून शाळेची मुले जातात, भाजीवाल्या बसतात. गणपतीत तर दहा दिवस मांडव. मोटार कोठे नदीपात्राशी नेऊन ठेवावी लागते. त्यांनी एक-दोनदा पदपथावरून वायर टाकून पाहिली, वर पायपुसणे टाकले. पायपुसण्याने वायर झाकते, धोका झाकत नाही. उलट दिसत नाही म्हणून वाढतो. आता ते आठवड्यातून दोनदा कचेरीच्या आवारात चार्ज करतात, नि कधी अडले तर पैसे देऊन बाहेरच्या जलद चार्जरवर. तिथे घरच्यापेक्षा जास्त पडते, पण आठ दिवसांच्या हिशेबात बसते. मला वाटते, कचेरीत सोय असेल तरच रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने विजेची मोटार घ्यावी. नसेल तर थोडे थांबावे.

माझी भाची लग्न होऊन लंडनला गेली आहे. तिला मी विचारले, तुमच्याकडे काय करतात? कारण तिथेही जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत नि मोटारी रस्त्यावरच. ती म्हणाली, आमच्याकडे रस्त्याच्या दिव्याच्या खांबालाच प्लग आहेत. तिथल्या वेस्टमिन्स्टर भागात सदरलंड ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, त्यावरच्या चोवीस खांबांना २०२० साली असे प्लग बसविले. जुने दिवे जाऊन एलईडी आले, त्यांना वीज कमी लागते, म्हणून खांबाच्या वायरीत जी शिल्लक राहिली ती मोटारींना. किती साधी युक्ती पाहा! ऑक्सफर्डला आणखी एक प्रयोग केला. पदपथात आडवी उथळ पन्हळ बसविली, तीत घरची वायर बसते, वरून माणसे चालतात, पायाला लागत नाही. पण ते नगरपालिकेच्या परवानगीने, ज्याला वाटेल त्याने पदपथ उकरावयाचा नाही. आपल्याकडे असे व्हावे असे मलाही वाटते. मात्र पावसाळ्यात आपल्याकडे दिव्याच्या खांबाला मुलांनी हात लावू नये म्हणून आपण त्यांना ओढून आणतो. आधी ते खांब हात लावण्याजोगे होऊ देत, मग गाडी लावू.

ज्यांचे वाडे नि इमारती पाडून नव्याने बांधावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी एकच वाक्य. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये इमारतींच्या नमुना नियमांत घातले आहे की, पार्किंगच्या वीस टक्के जागेत गाड्या चार्ज करण्याची सोय असावी. करारावर सही करण्याच्या आधी बिल्डरला विचारा, ती सोय नकाशावर कोठे आहे? सही झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता आपल्या मंडळाचे. आपल्या सभागृहाच्या पुढे, पायऱ्यांच्या उजव्या हाताला, आपल्या मालकीची चार-पाच हात रुंदीची पट्टी आहे. सध्या तिथे मोडक्या खुर्च्या नि गेल्या संक्रांतीची फुटकी सुगडी आहेत. तिथे दोन स्कूटरी सहज उभ्या राहतील, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत येणार नाहीत. २०२१ साली केंद्राच्या विज्ञान खात्याने नि नीती आयोगाने स्कूटरी नि रिक्षांसाठी स्वस्त चार्जिंग पॉइंटचा नमुना पुढे आणला. किंमत साडेतीन हजारांच्या आत राहावी, किराणा दुकानाबाहेरसुद्धा बसविता यावा, असा त्यांचा हेतू. आणि गाडी चार्ज करू देण्यासाठी वीज विकण्याचा परवाना लागत नाही, हे वीज खात्याने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. आमच्या वाड्याच्या पेटीला मजुरीसह सात हजारांच्या आत खर्च आला. मंडळाच्या मीटरचा भार वाढवावा लागेल तो निराळा.

आपल्या सभासदांत डबे देणाऱ्या तिघी आहेत, दोघी परिचारिका आहेत, एकीची मुलगी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. ह्यांच्यापैकी कोणाच्याही घराला गाडीची जागा नाही. दुपारी बारा ते पाच सभागृह रिकामेच असते, शिवणवर्ग असेल तेवढे दिवस सोडून. ह्यावर कोषाध्यक्षबाईंचा आक्षेप मला ठाऊक आहे. सगळ्या सभासदांच्या वर्गणीतून चार जणींची सोय का करावी? तो रास्त आहे. म्हणून माझी सूचना अशी की, पेटीचा खर्च ज्यांना वापरावयाची आहे त्यांनी आधी भरावा, मंडळाने फक्त जागा नि जोडणी द्यावी, आणि युनिटामागे एक रुपया मंडळाच्या खात्यात जमा व्हावा. विम्याचे काय, ते आधी विचारून घ्यावे लागेल. ते काम मी माझ्याकडे घेते.

पुढच्या मासिक सभेत हा विषय ठेवावा असा अर्ज मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, गाडी रोज किती किलोमीटर जाते, आणि दुपारी कोणत्या वेळी मोकळी असते एवढे लिहून जावे. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही कारणासह लिहावे, वहीचे शेवटचे पान त्यासाठी ठेवले आहे. चहा झाल्यावर मी वहीपाशीच बसणार आहे.